अंगणातील जेलीसारखे हिरवे गोळे: बुरशी की शेवाळ?

परसदार:
नमस्कार. आमचे घर रत्नागिरीजवळ आहे. पावसाळा लागला की अंगणातील जांभ्या चिऱ्यांवर आणि कुंड्यांखालच्या खडीवर शेवाळी रंगाचे, सुरकुतलेले, बुळबुळीत गोळे दिसू लागतात. उन्हाळ्यात त्यांच्या जागी फक्त काळ्या पापड्या उरतात. तणनाशक फवारले, तर भोवतालचे गवत वाळले आणि गोळे मात्र वाढले. ही बुरशी आहे का? झाडांना अपाय होईल का?

वनस्पतीप्रेमी:
वर्णनावरून हे नॉस्टॉक दिसते. ही बुरशी नव्हे. आपण ज्यांना नील-हरित शेवाळ म्हणतो, त्या सायनोबॅक्टेरियांपैकी हा एक. चिमूटभर गोळा काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास मण्यांच्या माळा दिसतात आणि मधूनमधून थोडा मोठा, फिकट, जाड भिंतीचा मणी आढळतो. हवेतील नत्राचे स्थिरीकरण, म्हणजे त्याचे वापरता येईल अशा संयुगात रूपांतर, याच पेशीत होते, कारण त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते आणि ही जाड भिंत प्राणवायूला बाहेर रोखते. भोवतालचा चिकट पदार्थ शर्करांच्या लांब साखळ्यांचा असून तो पाणी धरून ठेवतो. आपल्या काळ्या पापड्या मेलेल्या नाहीत. संग्रहालयात शंभराहून अधिक वर्षे कोरडे राहिलेले नमुनेही पाणी मिळताच पुन्हा वाढल्याची नोंद आहे. झाडांवर हे जगत नाही, त्यामुळे त्यांची काळजी नसावी. घसरून पडण्याची मात्र जरूर असावी!

रोपवाटिका:
ग्लायफोसेट या तणनाशकाला नॉस्टॉक सहसा दाद देत नाही. उलट गवत मेल्याने त्याला मोकळी, उजेडाची जागा मिळते. ओले असताना खरवडू नये, तुकडे पसरून तेथेच रुजतात. उन्हात कडक वाळल्यावर पापड्या खरवडून, झाडून गोळा कराव्यात. खरा इलाज पाण्याचा निचरा हाच आहे: खडीखाली पाणी साचू देऊ नये, पाणी झारीने सर्वत्र न शिंपडता थेट कुंडीत घालावे आणि स्फुरदयुक्त खत जमिनीवर सांडू देऊ नये.

परसदार:
आभारी आहे. चीनमध्ये हे खातात असे ऐकले, ते खरे का?

वनस्पतीप्रेमी:
होय, केसांसारखी दिसणारी त्याची एक जात तेथे नववर्षाच्या जेवणात असते. ती गोळा करताना गवताळ माळ उजाड होऊ लागल्याने 2000 साली तेथील सरकारने तिच्या संकलनावर आणि विक्रीवर बंदी घातली. अंगणातील गोळे मात्र तोंडात घालू नयेत. नॉस्टॉकचे काही प्रकार विषारी द्रव्ये तयार करतात आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.