ड्रॅग गाडीत बर्फ-पाण्याच्या इंटरकूलरची टाकी कोठे बसवावी?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार. माझ्याकडे पहिल्या पिढीची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची ऑक्टाव्हिया आहे. टर्बो आणि इंजेक्टर बदलल्यानंतर ती ३०० अश्वशक्तीच्या आसपास पोहोचली असून, बंद धावपट्टीवरील ४०२ मीटरच्या शर्यतींपुरतीच ती मी वापरतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि बंपरमागचा हवेवर थंड होणारा इंटरकूलर (टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी गार करणारा भाग) दुसऱ्या धावेतच हात टेकतो. म्हणून आता पाण्याचा इंटरकूलर आणि बर्फाची टाकी बसवण्याचे ठरवले आहे.

प्रश्न टाकीच्या जागेचा आहे. डिकीत चाळीस लिटरची टाकी सहज मावते, परंतु नळ्या लांबतात. डावीकडचे पुढचे आसन काढलेलेच आहे, तेथे वीस लिटरपेक्षा मोठी टाकी बसणार नाही. कुपवाड एमआयडीसीतील फॅब्रिकेटर शनिवारपर्यंत मापे मागत आहेत. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा_४०२

आपली गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे, त्यामुळे माझ्या मते डिकीचा विचार सोडून द्यावा. गाडी सुटताना भार आपोआप मागे जातो आणि पुढची चाके हलकी होऊन जागीच फिरू लागतात. अशा गाडीच्या डिकीत पाणी, बर्फ आणि टाकी मिळून चाळीस-पन्नास किलो ठेवणे म्हणजे आपणच आपल्या चाकांखालची पकड काढून घेणे होय. डाव्या आसनाच्या जागी, शक्य तितकी पुढे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे) आणि जमिनीलगत टाकी ठेवलीत, तर वजन पुढे राहील, उजवीकडे बसलेल्या चालकाच्या वजनाला थोडा समतोल मिळेल आणि नळ्याही हातभरच लागतील.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टाकीचे तोंड कोणत्या बाजूला आहे. पहिले ६० फूट २.४ सेकंदांत पार होत असतील, तर सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन तृतीयांश भरतो आणि टाकीतील पाण्याची पातळी मागच्या बाजूला जवळजवळ ३३ अंशांनी चढते. टाकी ४० सेंटिमीटर लांब असेल, तर पुढच्या भिंतीशी पाणी तेरा सेंटिमीटर खाली जाते आणि मागच्या भिंतीशी तितकेच वर येते. पंपाकडे जाणारी नळी पुढच्या भिंतीला जोडली, तर ज्या दोन सेकंदांत थंड पाणी सर्वाधिक हवे त्याच वेळी पंप हवा ओढू लागेल. म्हणून बाहेर जाणारे तोंड मागच्या भिंतीला, अगदी तळाशी घ्यावे. इंटरकूलरकडून परतणारे गरम पाणी वरून, पुढच्या बाजूला सोडावे, म्हणजे ते बर्फावरून वाहत मागे येईल. मध्ये भोके पाडलेले दोन आडवे पडदे वेल्ड करून घ्यावेत. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली बसवावा. हे पंप कोरडे असताना पाणी स्वतःहून खेचत नाहीत.

डिकीवाला_मिरज

माझ्या गाडीत टाकी डिकीतच आहे आणि मी समाधानी आहे. मात्र माझी गाडी मागच्या चाकांवर चालते, तेथे मागचे वजन उपयोगी पडते. आपल्या बाबतीत वरील सल्ला योग्य आहे, हे मान्य करतो.

बर्फाविषयी मात्र एक अनुभव सांगावासा वाटतो. आम्ही कारखान्यातून बर्फाची लादी घेतली. ती नेहमीप्रमाणे भाताच्या तुसात गुंडाळून पोत्यात भरलेली होती. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पोहोचल्यावर घाईघाईत टोच्याने तुकडे केले आणि न धुताच टाकीत टाकले. पहिली धाव उत्तम झाली. दुसऱ्या धावेत आत जाणाऱ्या हवेचे तापमान चढतच गेले. पंप उघडला तर त्याच्या तोंडाशी ओल्या तुसाचा बोटभर जाडीचा गोळा बसला होता. तेव्हापासून बर्फ स्वच्छ पाण्याखाली धरल्याशिवाय टाकीत जात नाही आणि टाकीच्या तोंडावर आतून भोकांचा पत्रा बसवला आहे. तुकडे साधारण लिंबाएवढे ठेवावेत. अगदी चुरा केल्यास तो एकमेकांत गोठून टाकीत छत धरतो आणि त्याखाली नुसते पाणी फिरत राहते.

कुल्फीवाल्याप्रमाणे खडेमीठ टाकण्याचा सल्ला तेथे कोणी ना कोणी देतोच. मिठाने तापमान शून्याखाली जाते हे खरे, पण ॲल्युमिनियमचा इंटरकूलर आणि टाकी दोन्ही गंजून जातील. तो सल्ला हसून सोडून द्यावा.

तापमापी_कराड

चाळीस लिटरची गरजच काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. थोडे गणित मांडतो.

बाहेर ४० अंश तापमान, सुमारे एक बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १४० अंशांच्या आसपास असते. ती ५० अंशांवर आणायची आहे. ३०० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाला सेकंदाला साधारण पाव किलोहून थोडी कमी हवा लागते, म्हणजे काढायची उष्णता सुमारे २० किलोवॅट. धाव तेरा सेकंदांची धरली तर ती २६०-२७० किलोज्यूल होते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषून घेतो. थोडक्यात, एका धावेला एक किलोसुद्धा बर्फ लागत नाही!

मग बर्फ जातो कोठे? टाकीत आपणच ओतलेले पाणी थंड करण्यात. २५ अंशांचे दहा लिटर पाणी शून्यावर आणायला तीन किलोहून अधिक बर्फ खर्ची पडतो. म्हणून पाणी घरूनच फ्रीजमध्ये गार करून न्यावे, असा माझा आग्रह आहे. टायर तापवणे, रांगेत थांबणे, इंजिनच्या खोलीतील ऊब हे सारे धरूनही बारा ते पंधरा लिटरची टाकी दोन धावांना पुरेल.

टाकीच्या आकाराऐवजी पंपाकडे लक्ष द्यावे. पाणी मिनिटाला २० लिटर फिरत असेल, तर २० किलोवॅट उष्णतेने ते इंटरकूलरमधून जाताना १४ अंशांनी तापते. प्रवाह दुप्पट केल्यास सातच अंशांनी. बर्फ कितीही भरला तरी बारीक नळी आणि दुबळा पंप यांची भरपाई होत नाही. पाऊण इंचापेक्षा बारीक नळी वापरू नये, आणि डिकीपर्यंतच्या लांब नळ्यांचा खरा तोटाही हाच आहे.

कृष्णाकाठ_सांगली

सर्वांचे आभार. काल रात्री पुठ्ठ्याचा खोका कापून डाव्या बाजूला ठेवून पाहिला. फायरवॉलला अगदी चिकटवता येत नाही, कारण हीटरचा डबा आडवा येतो. त्यामुळे टाकी आसनाच्या पुढच्या बोल्टांवर येईल, लांबी ३८, रुंदी २५ आणि उंची १८ सेंटिमीटर, म्हणजे आतून सुमारे सतरा लिटर. तीन मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा, आर्गॉन वेल्डिंग आणि तोंड मागे, असे फॅब्रिकेटरना कळवतो. झाकण हवाबंद ठेवावे का?

अजिंक्यतारा_४०२

झाकण घट्ट असावे, पण त्याला श्वास हवा. झाकणातून एक बारीक नळी काढून ती बंद बाटलीत सोडा. ती उघडी बाहेर काढू नका. धावपट्टीवर सांडलेले पाणी आपल्याच चाकाखाली येते, आणि मागच्या स्पर्धकाच्याही. शीतक द्रवही मिसळू नका, तो सांडला तर पट्टी निसरडी होते. टाकीला आसनाच्या बोल्टांखेरीज वरून पोलादी पट्टा घाला, कारण सतरा किलोचा डबा आपल्या शेजारी मोकळा सुटलेला कोणालाच आवडणार नाही. बाहेरून एसीच्या नळ्यांना लावतात तो काळा फोम चिकटवा. नाहीतर बाहेरच्या भिंतींवर धरलेले दव टपकून पेडलांपाशी जमेल. तळाला पाणी सोडायची तोटी ठेवायला विसरू नका. ती नसल्यामुळे मी पूर्ण एक हंगाम मग्गा घेऊन टाकी उपसली आहे.