मदत हवी आहे: ऊसतोडीनंतर परसबागेत रात्री कोल्हा शिरतोय, जाळीखालून उकरतोय

परसबाग_करवीर

नमस्कार मंडळी. घर कोल्हापुरात कसबा बावड्याच्या पुढं, शिये रस्त्याच्या अंगाला. जागा ८ गुंठे, ७२ फूट बाय १२१ फूट. समोर आणि एका बाजूला पाच फुटी भिंत. उरलेल्या दोन बाजूंना, म्हणजे मिळून १९३ फूट, लोखंडी अँगलवर चार फुटी चेनलिंक जाळी. जाळीपलीकडं लगेच शेजाऱ्यांचा बांध आणि ऊस. जमीन काळी.

ऊस तुटल्यापासून रात्री काहीतरी आत येतंय. स्वीट कॉर्नची ताटं आडवी करून कणसं खाल्लीत, गुलाबाच्या आळ्यांत वीतभर खड्डे पाडलेत, गावठी कोंबड्यांतली एक गेली आणि मागं फक्त पिसं सापडली. जाळीखाली दोन जागी उकरलंय. संध्याकाळी कोल्हेकुई ऐकू येते. घरात कुणी कोल्हा म्हणतं, कुणी खोकड.

नक्की कोण आहे हे कसं ओळखायचं? जाळीचं काय करू? झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचा ठोका देणारं) लावावं का, घरात लहान मुलं आहेत. आणि एकानं थायमेट टाकायला सांगितलंय. जनावर मारायचं नाहीये, फक्त आत यायला नको.

रानवाट

थायमेट अजिबात नको. थायमेट म्हणजे फोरेट, त्यावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. जुनी पुडी कुठं पडून असली तरी ती मातीत गेली की कोंबड्या, कुत्री, मुलं सगळ्यांनाच धोका. शिवाय कोल्हा आणि खोकड दोघांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे. विष घालणं, फास लावणं, सापळ्यात धरणं हे सगळं कायद्यात शिकारच धरलं जातं, नुसता प्रयत्न केला तरी.

आता ओळख. उकरलेल्या जागेच्या आतल्या बाजूला तीन फूट लांब, दोन फूट रुंद पट्टा सपाट करा, त्यावर चाळलेली बारीक माती आणि वर रांगोळीचा पातळ थर. संध्याकाळी करा, सकाळी ऊन वर यायच्या आत बघा. चार बोटं आणि पुढं नखांच्या खुणा असल्या तर कुत्र्याच्या कुळातला. ठसा साधारण दोन इंच लांब, निमुळता, आणि पुढच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागं एकमेकींना जुळलेल्या दिसल्या तर तो कोल्हा. कुत्र्याच्या ठशात त्या गाद्या सुट्या असतात आणि बोटं फाकलेली. खोकडाचा ठसा बराच लहान. पाच बोटं उमटली तर मुंगूस किंवा उदमांजर, मग उपाय वेगळा.

तुमच्या वर्णनावरून कोल्हाच वाटतो. कोल्हा आठ-दहा किलोचा, ताट आडवं करू शकतो. खोकड दोन ते चार किलोचं, मोठ्या कानांचं आणि झुबकेदार काळ्या टोकाच्या शेपटीचं. ते उघड्या माळावर राहतं, दाट उसात सहसा नाही. कोंबडी अख्खी उचलून नेणं हेही कोल्ह्याचं. मुंगूस दिवसा येतं आणि बऱ्याचदा मान-डोकं फोडून कोंबडी तिथंच टाकतं.

एक मात्र सांगतो, उसातले उंदीर कोल्हाच खातो. तो शिवारात असायलाच हवा, तुमच्या वाफ्यात नको एवढंच.

माती_आणि_मूळ

ताई/दादा, जाळीवर खर्च करायच्या आधी मला एक सांगा. गुलाबाच्या आळ्यांत काय घातलंय? हाडांचा चुरा, फिश अमिनो (माशांचं द्रवखत), कच्चं शेण?

परसबाग_करवीर

दादाच. हाडांचा चुरा आणि एरंडी पेंड, थंडीच्या आधी घातली. शेणखत गोठ्यातून आणलेलं, पूर्ण कुजलेलं नव्हतं बहुतेक.

माती_आणि_मूळ

दादा, मग खड्ड्यांचं कारण तिथंच आहे. हाडांच्या चुऱ्याचा वास जनावराला खाली काहीतरी पुरल्यासारखा येतो, ते शोधत उकरतं. आणि हाडांचा चुरा एरंडी पेंडीत मिसळणं हे तर धोक्याचंच. एरंडीत रायसिन हे विष असतं. एकटी पेंड कुत्रं सहसा खाणार नाही, पण हाडांच्या वासानं ते माती-पेंड सगळंच गिळतं आणि मरू शकतं. घरचं कुत्रं असो की कोल्हा.

आळ्यातला वरचा चार इंच थर काढा, जाड पोत्यात भरून जनावरांपासून लांब ठेवा. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरा, नत्रासाठी निंबोळी पेंड किंवा गांडूळखत.

दुसरं, खड्ड्यातली माती हातावर घेऊन बघा. पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी दिसली तर ती हुमणी. पंचगंगेकाठच्या उसात ती भरपूर असते आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून बागेत येते. कोल्हा, खोकड, उदमांजर, घार, सगळे ती खायला उकरतात. हुमणी राहिली तर कुंपण कितीही चांगलं असलं तरी आत येण्याची ओढ राहते. आत्ता वाफे फूटभर खणून अळ्या वेचा आणि कोंबड्यांना घाला. जूनमध्ये ओल झाल्यावर पूर्ण कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम या अळी मारणाऱ्या बुरशीची पावडर पुडीवरच्या प्रमाणात मिसळून मुळाशी द्या. कोरड्या, तापलेल्या मातीत ही बुरशी टिकत नाही, म्हणून उन्हाळ्यात घालून पैसे वाया घालवू नका. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे बसतात. फांदी हलवून ते रॉकेलमिश्रित पाण्यात पाडले तर पुढची पिढीच कमी होते.

कणसं तुरा वाळेपर्यंत ताटावर ठेवू नका. केस तपकिरी झाले आणि दाणा नखानं दाबल्यावर दूध आलं की त्याच दिवशी काढा. भुईमूग असेल तर उपटून रात्रभर वाफ्यावर वाळत टाकू नका.

मटणाची हाडं, माशाचं पाणी, कुत्र्याच्या ताटलीतलं उरलेलं रात्री बाहेर राहता कामा नये. कंपोस्टचा खड्डा उघडा असेल तर झाकणाचा ड्रम घ्या.

बांधकरी

जाळीचं मी सांगतो. कोल्हा उडी मारायच्या आधी खाली नाक घालतो. जाळीचा पाय जिथं जमिनीला टेकतो तिथंच तो उकरतो, दोन फूट मागं सरकून उकरायला सुरुवात करायची अक्कल त्याला नसते. म्हणून जाळी खोल पुरण्यापेक्षा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी झालर पसरणं जास्त चालतं.

माल असा लागेल: तीन फूट रुंद वेल्डमेश (वेल्ड केलेली ताठ चौकोनी तारजाळी), २ इंच बाय २ इंच भोक, १२ गेज, गॅल्व्हनाइज्ड. लांबी २०० फूट धरा, कोपऱ्यावर आणि जोडावर फूट-फूट चढवावी लागते. उद्यमनगरात रोलमध्ये मिळते, तिथंच काटकोनात मोडूनही देतात. एक फूट उभी, दोन फूट आडवी. उभा भाग चेनलिंकच्या बाहेरून लावा आणि दर सहा इंचाला तारेनं बांधा. तार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली घ्या. काळी बाइंडिंग तार एका पावसाळ्यात गंजून तुटते आणि मग झालर उचलली जाते, हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

आडवा भाग ठोकायला ८ मिमी सळईचे यू आकाराचे हूक, पाय फूटभर लांब. बाहेरच्या कडेला दर तीन फुटाला एक, म्हणजे जोड धरून सत्तरेक. वर दोन इंच माती आणि गवत येऊ द्या. गवताच्या मुळ्या जाळीत गुंतल्या की ती पक्की होते.

काळ्या जमिनीचा त्रास वेगळा. मे महिन्यात भेगा पडतात, पावसात माती फुगते, अँगल कलतात आणि जाळीखाली पोकळी तयार होते. सध्याचे अँगल हलत असतील तर एक फूट बाय एक फूट, दोन फूट खोल खड्डा काढून १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटमध्ये पुन्हा बसवा, भोवती मुरूम दाबा. दर एप्रिल-मेमध्ये कडेनं चालत जाऊन भेगा मुरमानं बुजवायच्या.

उंची चार फूट कमी आहे. खालची वाट बंद झाली की तो वरून बघेल. प्रत्येक अँगलला दीड फुटाचा तुकडा बाहेरच्या बाजूला ४५ अंशात वेल्ड करा, त्यावर जाळी जराशी ढिली बांधा. ताठ जाळीवर पाय रोवता येतो, लोंबणाऱ्या जाळीवर येत नाही.

परसबाग_करवीर

बांधकरी, अडचण अशी की जाळीबाहेरचा बांध शेजाऱ्यांचा आहे. दोन फूट झालर बाहेर टाकली तर नांगरटीत अडकणार.

बांधकरी

अडकणारच, आणि ट्रॅक्टरच्या फाळाला जाळी लागली तर तुमचं अख्खं कुंपण ओढलं जाईल. झालर आतल्या बाजूला टाकून उपयोग नाही, तो बाहेरून उकरतो आणि थेट कडेखालून आत येतो.

मग दोन वाटा. एक, शेजाऱ्यांशी बोलून फक्त फूटभर झालर आणि तिच्या कडेला डबर (मोठे दगड) लावून हद्द दिसेल अशी करायची. दुसरी, चर. जाळीच्या रेषेत नऊ इंच रुंद, दीड फूट खोल चर काढा, वेल्डमेश उभी उतरवा, तळाशी सहा इंच बाहेरच्या अंगाला वळवा. चर मातीनं भरू नका, डबर आणि मुरूम थरानं ठोकून भरा. काळी माती परत भरली तर पहिल्या उन्हाळ्यात भेग पडते आणि त्याच भेगेतून उकरायला सोपं जातं. मेहनत जास्त, पण तुमच्या जागेला हेच करा. तीन फुटी मेशमध्ये दीड फूट खाली, सहा इंच वळवायला, उरलेला एक फूट चेनलिंकला बांधायला, बरोबर बसतं.

तारजोड

झटक्याबद्दल. घरच्या लाइनची वायर कुंपणाला लावणं हा विचारसुद्धा नको, त्यानं माणसं मेलीत आणि तो गुन्हा आहे. बॅटरीवरचं प्रमाणित झटका मशीन वेगळं. ते साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभराचा ठोका देतं. मधल्या वेळात तार मोकळी असते, म्हणून हात सुटतो.

१९३ फुटाला सगळ्यात लहान मशीन पुरतं. जाळीच्या बाहेर सहा इंचांवर, इन्सुलेटरच्या हातांवर दोन तारा, जमिनीपासून सहा आणि बारा इंच. कोल्हा नाकानं तपासतो, नाकाला बसलेला ठोका तो विसरत नाही. अंगावर बसला तर केसांमुळं फारसा लागत नाही, म्हणून तार उंच लावून फायदा नाही.

लोक मशीनला दोष देतात, पण चूक बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असते. साडेचार-पाच फुटी तीन जीआय रॉड, दहा-दहा फुटांवर, एकाच वायरनं जोडलेले. उन्हाळ्यात तिथं आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता, कोरड्या मातीत ठोका मरतो. टेस्टरवर तार ४००० व्होल्टच्या वर हवी. त्याच्या खाली गेली की गवत तारेला टेकलंय का बघा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी विळा फिरवावाच लागतो.

मुलं लहान आहेत, तर माझं मत असं: आधी चर करा, तेवढ्यानं भागलं तर झटका नको. लावलाच तर पिवळे सूचनाफलक लावा, शेजाऱ्यांना सांगा, आणि फक्त रात्री चालू ठेवा.

खुराडेवाला

कोंबड्यांसाठी कुंपणावर विसंबू नका. खुराडं स्वतःच बंद पाहिजे. तळ सिमेंटचा किंवा खाली वेल्डमेश टाकून वर माती. बाजूंना अर्धा इंची जाळी, कारण इथं मुंगूसही आहे. साधी मुर्गाजाळी नको, ती कोल्हा दातानं फाडतो. दाराला नुसता आकडा नको, कडी आणि त्यात खिळा. दिवेलागणीच्या आधी कोंबड्या आत. रात्री डालग्याखाली झाकून ठेवणं म्हणजे त्याला ताट वाढून ठेवणं, डालगं तो उलटवतो.

परसबाग_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. हाडांचा चुरा उद्याच काढतो. मिरचीपूड, फिनेल, डांबरगोळ्या, लुकलुकते दिवे, कशाचा उपयोग होतो का? आणि गेटखाली चार इंच फट आहे, पावसाचं पाणी जायचं भोकही आहे.

रानवाट

मिरची आणि फिनेल पहिल्या दवात उतरतं. डांबरगोळ्या मातीत घालू नका, विषारी असतात. दिवे काही रात्री चालतात, मग सवय होते. हालचालीवर पेटणारा दिवा त्यातल्या त्यात बरा, पण जागा बदलत राहायला हवी. चर पूर्ण होईपर्यंतची सोय एवढंच समजा.

आणि कोल्हा दिवसाढवळ्या न घाबरता अंगावर येत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तोल जात असेल तर जवळ जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) जा. जखम बांधू नका, हळद-चुना लावू नका. वन्य प्राण्याच्या चाव्यात रेबीजच्या लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागू शकतं, डॉक्टरांना प्राणी कोणता ते सांगा.

बांधकरी

गेटखाली नऊ इंच खोल, फूटभर रुंद काँक्रीटचा उंबरा टाका, फट दीड इंचाच्या वर ठेवू नका. गेट आत उघडत असेल तर उंबऱ्याला आतून उतार द्या, नाहीतर पानं अडकून गेट टेकतं. पाण्याच्या भोकाला इंचभर अंतराच्या सळ्यांची जाळी, पण वरून बिजागरीवर, बाहेरून कडी. पक्की बसवली तर जुलैत पाचट-पालापाचोळा अडकून पाणी बागेत तुंबेल.

शेवटचं तोंड बंद करण्याआधी आत कुणी राहिलं नाही ना ते बघा. लाकडांचा ढीग, पाण्याच्या टाकीखालची पोकळी, जुनी पोती तपासा. बीळ दिसलं तर तोंडात वाळलेला पाला सैल कोंबा. दोन-तीन रात्री तो तसाच राहिला तर बीळ रिकामं, मग डबरानं भरा. पाला बाहेर फेकलेला दिसला तर हात लावू नका, उन्हाळ्याच्या तोंडावर आत पिल्लं असू शकतात. त्या बाजूची वाट उघडी ठेवून वनविभागाला कळवा, बाकीच्या बाजूंचं काम तोवर सुरू करा.