सह्यांपुरती समिती नको
शाळा व्यवस्थापन समितीतले पालक नुसत्या सह्या करतात, म्हणून निर्णय मुख्याध्यापकांवरच सोडावेत, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचंच काम आहे. आयता आराखडा पुढे सरकवला तर पालक सहीशिवाय दुसरं करणार काय?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाची ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. तिथे गावकऱ्यांच्या अभ्यासगटात आधी विषय समजून घेतला जातो. वेळ लागतो, लागू दे! शाळेनेही जमाखर्च बैठकीच्या आधी पालकांना वाचून दाखवावा. आणि बैठक मजुरी बुडणार नाही अशा वेळी ठेवावी.