मदत हवी आहे: डिझेल गाडी उभी असताना थरथरते, अ‍ॅडिटिव्हची बाटली टाकून उपयोग होईल का?

गंगापूर_रोडकर:
मंडळी, गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटरचं कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरला एकाच जोरदार प्रेशरच्या नळीतून डिझेल देणारं) इंजिन, १ लाख १८ हजार किमी झालेत. महिनाभर झाला, सकाळी स्टार्ट केली की मिसिंग मारते, म्हणजे अडखळत थरथरते. आधी दोन मिनिटांत सुरळीत व्हायची, आता गरम झाल्यावरही सिग्नलला उभी राहिली की चालूच. गिअरपुढच्या खणातली नाणी टिणटिण वाजतात, ते बायकोच्या आधी लक्षात आलं, मला वाटायचं शेजारी ट्रक उभा आहे. सकाळी जरा पांढरा धूर, अ‍ॅव्हरेज २१ चं १८ वर आलंय, चेक लाइट नाही. डिझेल फिल्टर बदललाय असं बिलात तरी लिहिलंय.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदला. पंपावरचा पोरगा म्हणतो साहेब ४५० ची बाटली टाका, सगळं साफ होतं. या दोघांच्या मधलं काही आहे का? की बाटली नुसती पंपवाल्यांची वरकमाई?

घाटवाट:
मी सर्व्हिसिंगच्या आधी एक बाटली टाकतोच. टाकी फुल करा आणि कसारा घाट उतरून परत चढून या, जरा वर आरपीएम ठेवून. मला तरी आवाज कमी वाटतो. आता तो बाटलीमुळे की गाडी मोकळी पळवल्यामुळे, देव जाणे.

बाप्पा_मोटर:
आमच्या ट्रॅक्टरला वडील थोडं रॉकेल आणि 2T ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) टाकायचे, मस्त चालायचा. एकदा करून बघा.

नोझलवाला_काका:
बाप्पा, ट्रॅक्टरचा जुना पंप वेगळा आणि हे वेगळं रे बाबा. कॉमन रेलमध्ये आयडललाच (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) अडीच-तीनशे बार प्रेशर असतं, जोर दिला की हजाराच्या कितीतरी वर, आणि एवढं सोसणाऱ्या पंपाला वंगण कसलं, तर त्याच डिझेलचं. रॉकेल टाकून ते पातळ केलं की पंप आतून खरवडतो, आणि त्याचा कीस चारही इंजेक्टरमध्ये जातो. अजिबात नको.

रोडकर, बाटलीबद्दल. त्यात साधारण दोन गोष्टी असतात. एक डिटर्जंट, तो नोझलच्या (इंजेक्टरच्या टोकाच्या) तोंडावर जमलेला कार्बन थोडाफार सोडवतो. दुसरं सिटेन (डिझेल किती पटकन पेट घेतं त्याचं माप) वाढवणारं केमिकल, त्याने थंडीत डिझेल लवकर पेट घेतं, टकटक कमी होते. पण आपल्याकडे बीएस-६ डिझेलला सिटेन किमान ५१ लागतोच, त्यामुळे पंपावरचं डिझेल चांगलं असेल तर फार फरक कळत नाही. आणि लोक विसरतात ते हे, की डिझेल थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं, इनटेकमधून जातच नाही. म्हणजे ईजीआर व्हॉल्व्हला (थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेला) काजळीचा थर बसला असेल तर टाकीत बाटली ओता नाहीतर पिंप, तिथे थेंब पोचत नाही. इंजेक्टरच्या आतली सीट (झडप टेकते ती जागा) झिजली असेल तरी तेच, झिजलेलं लोखंड केमिकलने भरून येत नाही.

आता क्रम. नुसती सकाळीच थरथरत असती तर मी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) म्हटलं असतं, पण गरम झाल्यावरही करते म्हणताय. आधी फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पाणी निघतं का बघा, फुकटचं काम आहे. मग स्कॅनर लावून चारही इंजेक्टरचं करेक्शन (इंजिन सुरळीत ठेवायला कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमीजास्त करतो ते) बघायला सांगा, लाइट नसली तरी आकडे दिसतात. मग रिटर्न टेस्ट. चारही रिटर्न पाइप (इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत नेणारे) काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायचे आणि इंजिन आयडलला ठेवायचं. ज्याची बाटली लवकर भरते तो चोर. आवाज ऐकून चारही बदला म्हणणाऱ्याला हे करायचा कंटाळा आहे, बाकी काही नाही. इंजिन माउंटिंगही बघून घ्या, रबर बसलं की चांगलं इंजिनही असंच हादरतं.

गंगापूर_रोडकर:
काका, दंडवत. उत्तर यायच्या आधीच बाटली टाकून बसलो होतो, ४०० किमी झाले, फरक शून्य. फिल्टरखालून पाणी निघालं, चहाच्या कपाचा तळ झाकेल एवढं. माउंटिंग ठीक. आज दुसऱ्याकडे रिटर्न टेस्ट केली, स्वतः उभा राहून. दहा मिनिटांत तीन बाटल्या बोटभर आणि तीन नंबरची जवळजवळ दुप्पट. करेक्शनही त्याच सिलिंडरचं बाकीच्यांपासून लांब होतं. एकच बदलू ना, की जोडीने?

नोझलवाला_काका:
एकच. उरलेले तीन सारखे आहेत तर उगाच हात लावू नका. फक्त खालचा कॉपर वॉशर नवा घालायला लावा आणि नव्या इंजेक्टरवरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकलाय का ते समोर उभं राहून बघा. कोड राहिला तर परत नाणी वाजतील आणि तुम्ही परत बाटली आणाल. टाकीतलं पाणीही बघून घ्या, नवा इंजेक्टर त्याच पाण्यात घालू नका.