मदत हवी आहे: कॉन्व्हेंटमधल्या नऊ सिस्टर्ससाठी हेल्थ इन्शुरन्स, 'नातं' या रकान्यात काय लिहायचं?

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिणार आहे, कारण अर्धवट सांगितलं तर सगळे "फॅमिली फ्लोटर घ्या" म्हणतात, म्हणजे अख्ख्या कुटुंबाची एकच पॉलिसी, आणि तिथेच तर अडलंय.

माझी आत्या धर्मभगिनी आहे. आम्ही वसईचे, निर्मळच्या बाजूचे. आमच्याकडे पूर्वी घरटी नाही तरी भावकीत एखादी सिस्टर किंवा फादर असायचेच. आत्या एकोणीस वर्षांची असताना कॉन्व्हेंटमध्ये गेली, आता ७१ ची आहे. सगळी नोकरी अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरच्या आसपास मिशनच्या अनुदानित मराठी शाळेत झाली, शेवटी मुख्याध्यापिका होती. आता तिथल्याच कॉन्व्हेंटमध्ये राहते. एकूण नऊ जणी आहेत, सगळ्यात लहान ४६ ची, सगळ्यात मोठी ८३ ची. आत्याला शुगर आहे, अजून दोघींना बीपी, एकीचा गुडघा बदलायला आलाय.

मागच्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या एका सिस्टरची बायपास झाली. ६३ वर्षांच्या आहेत, वीस-बावीस वर्षं बोर्डिंगच्या पोरींचा स्वयंपाक आणि आजारपणं त्यांनीच काढली. बिल झालं ४ लाख ८५ हजार. इन्शुरन्स काहीच नव्हता. बोर्डिंगचं छप्पर बदलायला साठवलेले पैसे गेले, उरलेले प्रॉव्हिन्सकडून, म्हणजे संस्थेच्या प्रादेशिक शाखेकडून, उसने आणले. सिस्टर आता बऱ्या आहेत, देवाची कृपा. पण त्यानंतर आत्याने मला फोन केला, आणि ती कधी कोणाकडे काही मागत नाही हो, ती म्हणाली "बाय, तू ऑफिसात हे कागदपत्रांचं काम करतेस ना, आमचं काहीतरी बघ, पुढची पाळी कुणाची ते माहीत नाही." तेव्हापासून मी बघतेय, सहा महिने झाले.

पहिल्या एजंटने ऑनलाइन फॉर्म उघडला. नातं म्हणून पर्याय काय, तर नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई-वडील, सासू-सासरे. तीस तीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या, एकमेकींच्या उशाशी रात्री जागवलेल्या नऊ बायका, आणि त्या फॉर्मच्या लेखी एकमेकींच्या कोणीच नाहीत. आत्या माझ्या बाबांची सख्खी बहीण, तरी बाबांच्या फ्लोटरमध्येही ती बसत नाही, त्यांच्या पॉलिसीत बहीण चालत नाही म्हणे. व्यवसायाच्या रकान्यात तर त्याने मला न विचारता 'गृहिणी' टाकलं होतं. मी पुसायला लावलं.

दुसरा म्हणाला की नऊच्या नऊ जणींना शाळेचा स्टाफ दाखवू, एम्प्लॉयी ग्रुप पॉलिसी काढू, कोण बघायला येतंय. खरं म्हणजे शाळेत आता फक्त दोघी शिकवतात. आत्याला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "खोटं लिहून औषध नको." मलाही पटत नाही, पण उद्या एखादी आयसीयूत असेल तेव्हा हाच रस्ता का नाही घेतला असं वाटेल का, अशीही भीती वाटते.

तिसऱ्याने प्रत्येकीची वेगळी पॉलिसी सांगितली. ८३ च्या सिस्टरना नकार आला. आत्याचा एकटीचा पाच लाखांचा कोट चाळीस हजारांच्या वर गेला, आणि शुगरला वेटिंग पिरियड (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) आहेच. वर इन्कम प्रूफ मागितलं. आता हिचं कसं आहे, पेन्शन तिच्या नावाने येते आणि तशीच काँग्रिगेशनच्या (त्यांच्या धर्मसंघाच्या) खात्यात जाते, पगाराचंही जन्मभर तेच, दारिद्र्याचं व्रत आहे ना. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अनुदानित शाळेतल्या सिस्टर-फादरांच्या पगारावर टीडीएस कापला जाणार, मग तो पगार पुढे काँग्रिगेशनला दिला असला तरी. ते मान्य आहे. पण टॅक्स घेताना ती स्वतंत्र कमावणारी व्यक्ती आणि प्रीमियम काँग्रिगेशनच्या चेकने भरायला गेलं की "हे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून का" असा प्रश्न, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर मला विचारायचंय की अशा घराला एकत्र पॉलिसी मिळते का आणि ती कुणाच्या नावाने काढायची, ट्रस्टच्या की मदर सुपिरियरच्या? नॉमिनी रक्ताचंच माणूस लागतं का? आणि सत्तरीच्या पुढच्या चौघींसाठी प्रायव्हेटच्या नादी न लागता सरकारी कार्डावर भागेल का? तुमच्यापैकी कोणाच्या घरी सिस्टर, फादर, ब्रदर किंवा दुसऱ्या कुठल्याही धर्माचे संन्यस्त असतील तर तुम्ही काय केलंत ते प्लीज सांगा.

प्रतिसाद: क्लेमवाली_मेधा

मी पुण्यात एका टीपीएमध्ये (इन्शुरन्स कंपन्यांसाठी क्लेम हाताळणारी कंपनी) अकरा वर्षं क्लेमच्या फाइल्स बघितल्यात म्हणून लिहिते. स्टाफचं नाटक अजिबात करू नका, तुमची आत्या बरोबर बोलली. बायपाससारखा मोठा क्लेम आला की पगारपत्रक आणि पीएफचा पुरावा मागतात आणि तिथे सगळं उघडं पडतं. ६० महिने सलग पॉलिसी चालली की माहिती लपवली वगैरे कारणाने क्लेम नाकारता येत नाही हे खरं, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि नऊ खोट्या कर्मचारी म्हणजे फसवणूकच.

एकत्र पॉलिसी मिळते. ग्रुप म्हणजे फक्त मालक-नोकर असं नसतं. अट एवढीच की तो ग्रुप केवळ इन्शुरन्स घ्यायला जमवलेला नसावा, त्याला दुसरा काहीतरी समान उद्देश असावा. तुमची काँग्रिगेशन तर त्यासाठी जमलेली नाहीच. सोसायटी किंवा ट्रस्ट रजिस्टर्ड असेल तर मास्टर पॉलिसी त्या संस्थेच्या नावाने निघते, प्रीमियम संस्थेच्या चेकने जातो, आणि सिस्टर्स मेंबर म्हणून आत येतात. मग तुमचा इन्कम प्रूफचा आणि दुसऱ्याच्या खात्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त नऊ जणींसाठी विचारू नका, इतक्या लहान आणि वयस्कर ग्रुपला कोणी धड रेट देत नाही. प्रॉव्हिन्शियलना, म्हणजे प्रॉव्हिन्सच्या प्रमुखांना, भेटा. अख्ख्या प्रॉव्हिन्सच्या, तरुण सिस्टर्स धरून, यादीवर कोट मागवा. आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर करा ही मागणी लेखी ठेवा, ग्रुपमध्ये ते मिळू शकतं, एकटीच्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात.

दोन गोष्टी मात्र ग्रुपच्या विरोधात आहेत त्या पण ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य झाला, ग्रुपवर १८ टक्के तसाच आहे. आणि ग्रुपचा रेट दर वर्षी नव्याने ठरतो, एका वर्षी चार बायपास झाल्या की पुढच्या वर्षीचा आकडा बघून संस्था हात वर करते. वैयक्तिक पॉलिसीत ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी (इन्शुरन्सच्या सरकारी नियामकाशी) बोलावं लागतं. म्हणून मी म्हणेन ४६ ते ६० वाल्या ज्या तब्येतीने ठीक आहेत त्यांची वैयक्तिक पॉलिसी आत्ताच घेऊन टाका, ग्रुप असला तरी.

अजून एक, रूम रेंटची मर्यादा आधी वाचा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर नुसता खोलीचा फरक नाही, डॉक्टरची फी, ओटी हेही त्या प्रमाणात कापतात. सिस्टर लोक जनरल वॉर्डातच राहतात असं म्हणाल, पण हार्टच्या पेशंटला हॉस्पिटल कुठे ठेवेल ते आपल्या हातात नसतं.

प्रतिसाद: आशाताई_राहुरी

ताई मी आशा म्हणून काम करते, तुमच्या शेजारच्याच तालुक्यातली. सत्तरीवरच्या चौघींचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? नसेल तर उद्याच काढा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, वर्षाला पाच लाख, उत्पन्नाची अट नाही, पेन्शन असली तरी चालतं, प्रायव्हेट पॉलिसी असली तरी चालतं. फक्त आधार लागतं. कॉन्व्हेंटमध्ये काय होतं की सगळ्यांच्या आधारला ऑफिसचा एकच जुना मोबाईल नंबर जोडलेला असतो आणि तो बंद पडलेला असतो, ते आधी बघा, नाहीतर ओटीपी येत नाही आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसेही उठत नाहीत. बाकीच्यांसाठी महात्मा फुले योजना आहे, तिच्यातही आता पाच लाख आहेत आणि पांढरं रेशनकार्डवाल्यांनाही मिळते. हॉस्पिटल मात्र योजनेच्या यादीतलं पाहिजे, आजारपण यायच्या आधी यादी काढून फ्रिजवर लावून ठेवा.

प्रतिसाद: आगाशीकर

मी सहा वर्षं सेमिनरीत (फादर होण्याच्या शिक्षणासाठी) होतो, नंतर बाहेर पडलो. नॉमिनीबद्दल सांगतो. कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) ६६८ व्या कलमात स्पष्ट आहे की व्रतस्थ माणसाला पेन्शन, अनुदान किंवा इन्शुरन्समधून जे मिळतं ते संस्थेचं होतं. आणि कायमची व्रतं घेण्याआधी मृत्युपत्र करावं लागतं, जे देशाच्या कायद्यानेही ग्राह्य असेल. आत्याचं ते कुठेतरी फाइलमध्ये असणार, आधी ते वाचा आणि त्याच्याशी जुळेल असा नॉमिनी लावा. रक्ताचं माणूसच पाहिजे अशी सक्ती नाही.

६७० वं कलम संस्थेवर जबाबदारी टाकतं की सभासदांना लागेल ते पुरवायचं. म्हणजे प्रॉव्हिन्शियलकडे तुम्ही उपकार मागायला जात नाही, हे लक्षात ठेवून बोला.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. माझी सख्खी बहीण २१ वर्षं सिस्टर होती, चव्वेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडली. कलम ७०२ प्रमाणे बाहेर पडणाऱ्याला केलेल्या कामाबद्दल काही मागता येत नाही, संस्थेने न्यायाने आणि प्रेमाने वागावं एवढंच म्हटलंय. तिचं ग्रुप कव्हर त्याच महिन्यात बंद झालं. थायरॉइड होता, हातात नोकरी नाही, नव्या पॉलिसीत सगळं वेटिंग पहिल्यापासून. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही की ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायला अर्ज करता येतो आणि झालेलं वेटिंग धरलं जातं. मास्टर पॉलिसी करताना हे कलम त्यात आहे का ते बघा. कोणी बाहेर पडेल असं धरून चालायचं नाही, पण जी पडेल तीही आपलीच मुलगी असते.

प्रतिसाद: सांगलीचा_श्रावक

आमच्याकडे जैन साध्वीजींचं अजून अवघड आहे. पैशाला हात लावायचा नाही, बँक खातं नाही, बऱ्याच जणींचं आधारही नाही, आणि एका गावी कायम राहणं नाही, चातुर्मास सोडला तर विहार (पायी प्रवास) चालूच. पॉलिसीला पत्ता लागतो तो कुठला द्यायचा? त्यामुळे आमचा संघ वैयावच्च (साधू-साध्वींची सेवा) फंडातून थेट हॉस्पिटलला पैसे देतो. दोन वर्षांपूर्वी पहाटे विहारात असताना एका साध्वीजींना मागून गाडीने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, सगळा खर्च तीन गावच्या संघांनी मिळून केला. फंडाचा फायदा हा की कोणी नातं विचारत नाही. पण दोन मोठी आजारपणं एका वर्षात आली की फंड आटतो, म्हणून तुमच्यासारखी पॉलिसीची चर्चा आमच्याकडेही सुरू झालीय, वाचतोय.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आगाशीकर, तुमच्या बहिणीबद्दल आत्याला फोनवर वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली "ते कलम आधी विचार."

आशाताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, चौघींच्या आधारला २०११ सालचा एकच नंबर होता, बंद. तो बदलून घेतला, तिघींची कार्डं हातात आली, ८३ च्या सिस्टरना घेऊन पुन्हा जायचंय, त्यांना गाडीत बसवणं अवघड आहे. यादीतलं हार्टचं हॉस्पिटल बघितलं तर ते लांबच पडतंय, म्हणून प्रायव्हेटची गरज उरतेच.

प्रॉव्हिन्शियलची वेळ मिळालीय, पुढच्या गुरुवारी. मेधाताई, जुने आजार, रूम रेंट आणि बाहेर पडणाऱ्यांचं कलम असे तीन मुद्दे लिहून नेतेय, अजून काही राहिलं असेल तर त्याआधी सांगा. आणि ४६ वर्षांच्या सिस्टरचा वैयक्तिक फॉर्म मी शनिवारी भरायला बसतेय. व्यवसायाच्या रकान्यात 'इतर' निवडून पुढे 'धर्मभगिनी' लिहिलं तर कंपनी परत पाठवते का? कोणी असं लिहून पॉलिसी घेतली असेल तर एका ओळीत तरी सांगा, कारण त्यांना तिथे दुसरं काही लिहिलेलं नको आहे.