स्वस्तात केग घ्यायचाय, जुना सोड्याचा घेऊ का नवा?

फेसाळलेला:

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं घरी बियर करतोय, आत्तापर्यंत सगळं बाटल्यांतच. पण आता खरंच वैताग आलाय, एका १९ लिटरच्या घाण्याला ३३० मिलीच्या ५७ बाटल्या लागतात, त्या धुवा, सॅनिटाइझ करा, साखर घाला, बुचं मारा आणि मग पंधरा दिवस खोक्याकडे बघत बसा. मागच्या महिन्यात दोन बाटल्या रात्री फुटल्या, सकाळी घरच्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. थोडक्यात केगवर (स्टीलचं बंद भांडं, सगळी बियर एकत्र भरून कार्बन डायऑक्साइड गॅसच्या प्रेशरने नळातून काढायची) जायचंय पण खिसा फार ढिला करायचा नाहीये.

एक जण दोन जुने सोड्याचे (कोल्ड्रिंक कंपन्यांचे) केग विकतोय, एक बॉल लॉक आणि एक पिन लॉक, म्हणतो दोन्ही सारखेच, घेऊन टाका. दुसरा पर्याय पाच लिटरचा मिनी केग, तो दिसायला गोंडस आणि स्वस्तही आहे. तिसरं म्हणजे मित्र म्हणतो भंगारवाल्याकडून ब्रुअरीचा ५० लिटरवाला उचल, टिकाऊ असतो. डोकं चालेनासं झालंय. कोणी वापरलेत का यातले? घेताना काय बघायचं?

जुनी_टाकी:

दोन्ही सारखे म्हणणारा एकतर विकायला उतावळा आहे किंवा त्याने स्वतः कधी केग वापरलेला नाही. आत मावतं तेवढंच, साधारण १९ लिटर, पण तोंडाची फिटिंग वेगळी. बॉल लॉक पेप्सीवाले वापरायचे, पिन लॉक कोकवाले. पिन लॉकला गॅसच्या बाजूला दोन पिना आणि बियरच्या बाजूला तीन, त्यामुळे उलटसुलट लागायची भीती नाही. बॉल लॉकचे दोन्ही पोस्ट (कनेक्टर बसतो ती तोंडं) वरवर सारखेच दिसतात, गॅसवाल्याच्या षटकोनी बुडाला बारीक खाचा असतात तीच खूण. मी पहिल्याच दिवशी गॅसचा कनेक्टर बियरच्या पोस्टवर दाबून बसवला होता, काढायला अर्धा तास आणि एक पाना गेला. करड्या रंगाचा गॅसचा आणि काळा बियरचा एवढं पाठ करा.

मुद्दा असा की दोन प्रकार घेतले की कनेक्टरचे दोन जोड, सुटे भाग दोन प्रकारचे, सगळंच दुप्पट. एक जात धरा आणि तीच ठेवा. मी बॉल लॉक सांगेन कारण सुटे भाग सहज मिळतात आणि झाकणावर कडीवाला व्हॉल्व असतो, कडी ओढली की प्रेशर सुटतं. जुन्या पिन लॉकला बहुतेक वेळा ती कडी नसते, मग गॅसच्या पोस्टमधला पॉपेट (स्प्रिंगवाला छोटा व्हॉल्व) कशानेतरी दाबून हवा सोडत बसायचं. आता फ्रिजची उंची कमी असेल तर गोष्ट वेगळी, पिन लॉक साधारण ५६-५७ सेंमी उंच आणि थोडा जाडा, बॉल लॉक ६३-६४ सेंमी. आधी फ्रिज मोजा मग केगला हात लावा. आणि वर कनेक्टर बसल्यावर अजून चार बोटं लागतात ते धरून मोजा, मी धरले नव्हते 😀

जुना केग बघताना सगळ्यात आधी कडी ओढा. फुस्स झालं तर प्रेशर धरून आहे, अर्थात विकणारा शहाणा असेल तर सकाळीच गॅस भरून ठेवतो, त्यामुळे त्यावर फार जाऊ नका. झाकण काढून आत टॉर्च मारा. वरवरचे तांबूस डाग घासले की जातात पण नखाला खड्डे लागले तर सोडून द्या, तिथे जंतू बसले की कुठल्याच सॅनिटायझरला ऐकत नाहीत. बाहेरच्या पोचांचं काही नाही, पण झाकण बसतं ती कड चेपलेली असेल तर मात्र फुकट दिला तरी नको. पोस्ट पान्याने फिरतात का बघा. अंगावर १३० पीएसआय (प्रेशरचं माप) वगैरे छापलेलं असेल, ती कमाल मर्यादा, आपलं काम दहा-बाराच्या आसपास चालतं त्यामुळे भांडं ताकदीने कमी पडत नाही, गळतं ते नेहमी रबरापाशी.

रबर बदलायचंच. एका केगला पाच रिंगा, झाकणाची एक मोठी, दोन पोस्टच्या, दोन आतल्या नळ्यांच्या. जुन्या रबरात सोड्याचा वास इतका मुरलेला असतो की तीन घाणे गेले तरी बियरला गोड औषधासारखा वास मारत राहतो. रिंगा काही महाग नाहीत, वास आला तर धुवून बघू वगैरे करू नका.

५० लिटरवाल्याबद्दल कोणीतरी लिहा, माझा अनुभव नाही.

हळद_कुंकू_हॉप्स:

५० लिटरवाला नको. एक तर भंगारातले ब्रुअरीचे केग बहुतेक वेळा ब्रुअरीच्याच मालकीचे असतात, डिपॉझिटवर बाहेर गेलेले आणि परत न आलेले, म्हणजे विकणाऱ्याचा त्यावर हक्कच नसतो. दुसरं, भरला की साठ किलोच्या पुढे जातो, कोण उचलणार? तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्याला उघडायचं झाकण नसतं, मधोमध नळी असते आणि ती रिंगेने अडकवलेली. आतलं प्रेशर पूर्ण न सोडता ती रिंग काढली तर नळी गोळीसारखी वर येते, तोंडावर बसली तर संपलं. हात घालून घासताही येत नाही. मित्राला सांगा तूच घे.

एकटा_जीव:

मी जरा उलट बोलणार, रागावू नका. जुना घेऊन स्वस्त पडतं हे पूर्वी खरं होतं. सोडा कंपन्या पिशवीतल्या सिरपवर गेल्या तेव्हा हे केग ढिगाने बाहेर पडले आणि घरी बियर करणाऱ्यांची चंगळ झाली. आता चांगले उरलेत कुठे, जे फिरतायत ते दहा हातांतून गेलेले. माझ्या जुन्या केगचा हिशेब सांगतो, पाच रिंगा, दोन पॉपेट, एक झाकण (जुन्याची कडी तुटलेली), वर पोस्टचा आटा निघाला वेगळ्याच कंपनीचा त्यामुळे बाजारातला साधा पोस्ट बसेना, शेवटी सगळं धरून नव्याच्या जवळपास गेलो आणि दोन रविवार घालवले ते वेगळेच. नव्याला वास नाही, पोस्ट ठरलेल्या मापाचे. जुना नव्याच्या निम्म्यात मिळत असेल तरच बघा, नाहीतर सरळ नवा.

मिनी केगचं पण सांगतो कारण त्यात मी पोळलोय. पत्र्याचा आणि रबरी बुचाचा जो असतो तो दोन-चार वेळा चालतो, आतला थर निघाला की गंजतो. स्टीलचा बॉल लॉकवाला मिनी चांगला आहे पण तो १६ ग्रॅमच्या गॅसच्या छोट्या गोळ्यांवर चालवायचा विचार असेल तर गणित करा. १९ लिटर बियरला नीट गॅस मुरवायला ९० एक ग्रॅम आणि ती बाहेर ढकलायला साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे दहा गोळ्या! पाच लिटरला त्याच्या पावपट धरा तरी प्रत्येक वेळी अडीच-तीन गोळ्या जाळायच्या. एखाद्या सहलीला ठीक, रोजचं नाही परवडत. सिलिंडर एकदाच बोचतो, सव्वादोन किलोचा घेतला तरी गळती नसेल तर दहा केग आरामात निघतात.

प्लॅस्टिकचे पारदर्शक पण निघालेत, हलके आणि स्वस्त, पण गरम पाणी चालत नाही आणि प्लॅस्टिकमधून हळूहळू ऑक्सिजन आत जातो, महिनाभरात संपवणार असाल तर हरकत नाही. आमच्याकडे आठवड्यात संपते तो भाग निराळा.

फेसाळलेला:

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांना धन्यवाद. काल जाऊन आलो. पिन लॉक सोडला. बॉल लॉकची कडी ओढली तर जोरात फुस्स, आत टॉर्च मारला, स्वच्छ. वास मात्र अजून सोड्याचाच, पण भाव निम्म्याच्याही खाली आला म्हणून घेतला. रिंगा मागवल्यात. @जुनी_टाकी फ्रिज मोजला, दोन बोटं उरतात, देवाने वाचवलं.

आता प्रश्न गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटरचा (त्याचं प्रेशर कमी करून केगला देणारा). तिथे पण जुनं घेऊ का? आणि धुवायला घरातलं क्लोरीनचं ब्लीच चालेल ना, बाटल्यांना तेच वापरत होतो.

हळद_कुंकू_हॉप्स:

ब्लीच अजिबात नाही!! क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं, चांगला मिळालेला केग घालवाल. सोडियम परकार्बोनेटचं कोमट पाणी रात्रभर ठेवा, नंतर धुवून फॉस्फोरिक ॲसिडवालं सॅनिटायझर. पोस्ट खोलून लांब नळी पण घासा, तिथे काय काय अडकलेलं असतं बघून दोन दिवस सोडा प्यावासा वाटणार नाही.

जुनी_टाकी:

सिलिंडर जुना चालेल पण त्यावर टेस्टची तारीख ठोकलेली असते ती बघा, मुदत उलटली असेल तर भरणारा परत पाठवतो आणि टेस्टचा खर्च तुमच्या डोक्यावर. भरलाय का हे काट्यावरून कळत नाही हं. आत गॅस द्रवरूपात असतो त्यामुळे शेवटपर्यंत काटा तेवढाच दाखवतो, मग एक दिवस धाडकन खाली. वजन करा, रिकाम्याचं वजन अंगावर कोरलेलं असतं.

रेग्युलेटर मात्र नवा घ्या, इथे काटकसर नको. २० अंशाला सिलिंडरात ५७ बारच्या आसपास प्रेशर असतं, म्हणजे आठशेवर पीएसआय, आणि आपल्याला हवेत बारा, मधे तो एकच उभा असतो. सिलिंडर कायम उभा ठेवा आणि बंद खोलीत ठेवत असाल तर खिडकी किलकिली असू द्या, गळला तर हा गॅस खाली साचतो आणि वास येत नाही.

रिंगा बसवल्यावर रिकाम्या केगमध्ये तीस पीएसआय भरा, साबणाचं पाणी सगळीकडे मारा, मग सिलिंडर काढून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी कडी ओढल्यावर तसंच जोरात फुस्स झालं तरच बियर भरायची. झाकण कधीकधी कमी प्रेशरला गळतं आणि जास्तीला नीट बसतं, त्यामुळे सुरुवातीला एकदा तीसचा झटका देऊन मग खाली आणायचं.

फेसाळलेला:

झालं भाऊ! बुडबुडे फक्त गॅसच्या पोस्टपाशी आले, पाव आटा आवळला आणि बंद. ४ अंशाला १२ पीएसआयवर दहा दिवस ठेवली. काल पहिला ग्लास काढला तर पाऊण ग्लास फेस 😭 चव झकास आहे पण पिऊ काय?

एकटा_जीव:

पाइप केवढा आहे?

फेसाळलेला:

केगबरोबर फुकट मिळालेला. मीटरभर असेल, जाडा आहे.

एकटा_जीव:

मग तेच. आखूड आणि जाडा पाइप असला की बियर सुसाट येते आणि नळापाशी सगळा गॅस सुटतो. आतून ५ मिमीचा, तीन मीटर घ्या, वेटोळं करून फ्रिजमध्येच ठेवा म्हणजे पाइपही गार राहील. तोवर प्यायच्या वेळी सिलिंडर बंद करून कडी ओढा, मग दोन-तीन पीएसआयवर काढा, प्यायचं झालं की परत १२ वर न्यायला विसरू नका नाहीतर आठवड्यात मिळमिळीत होईल.