कंपनीच्या विधी विभागात नोकरीविषयक तंटे हाताळताना अशील नेमका कोण?

प्रश्न:
न्यायालयीन वकिलीनंतर मी एका कंपनीच्या विधी विभागात रुजू होत असून बडतर्फी आणि छळाच्या तक्रारींची प्रकरणे माझ्याकडे येणार आहेत. चौकशीत कर्मचाऱ्याने विश्वासाने सांगितलेले कितपत गोपनीय राहते? आणि निर्णय आधीच घेऊन वरिष्ठांनी फक्त पत्राचा मसुदा मागितला, तर काय करावे?

उत्तर १:
अशील कंपनी, तो कर्मचारी नव्हे आणि त्याचा वरिष्ठही नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये अपजॉन खटल्यात कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या वकिलांशी केलेल्या संवादाला गोपनीयतेचे संरक्षण दिले, म्हणजे तो उघड करण्याची सक्ती करता येत नाही. मात्र ते संरक्षण कंपनीचे असल्यामुळे ते सोडायचे की नाही, हेही कंपनीच ठरवते. म्हणूनच तेथे जबाबापूर्वी ‘मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नाही’ असे स्पष्ट सांगण्याची पद्धत रूढ झाली. आपणही तसे सांगावे आणि सांगितल्याची नोंद जबाबाच्या सुरुवातीलाच करावी. युरोपीय संघाच्या न्यायालयाने तर २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात, स्पर्धा कायद्याखालील युरोपीय आयोगाच्या तपासापुरते, पगारी वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला हे संरक्षण नाकारले. तेव्हा प्रत्येक ईमेल उद्या विरुद्ध पक्षाच्या हाती पडेल असे धरूनच लिहिलेला बरा.

उत्तर २:
मसुद्याला हात लावण्यापूर्वी सेवेची संपूर्ण फाईल मागवा. पत्रात ‘सातत्याने असमाधानकारक काम’ असा शेरा आणि फाईलमधील वार्षिक मूल्यमापनांत ओळीने ‘उत्तम’, हा प्रकार आपल्याला वरचेवर दिसेल. त्यातच कर्मचाऱ्याने वरिष्ठाविरुद्ध केलेल्या तक्रारीची तारीख कारणे दाखवा नोटिशीच्या जेमतेम आधीची निघाली, तर सूडबुद्धीचा आरोप खोडून काढणे फार कठीण जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या कराराला अनेक देशांनी मान्यता दिलेली नाही. तरीही सेवासमाप्तीला वैध कारण हवे आणि वर्तनाचा किंवा कामाचा ठपका ठेवताना आधी बचावाची संधी द्यावी, ही त्यातील दोन तत्त्वे कसोटी म्हणून वापरण्याजोगी आहेत.

उत्तर ३:
मसुदा नाकारून अडून बसण्यापेक्षा कोणती कागदपत्रे कमी पडतात, हरल्यास काय द्यावे लागेल आणि तडजोड कितपत परवडेल, हे लेखी कळवावे. निर्णय व्यवस्थापनाने घ्यायचा असतो. एक मात्र कटाक्षाने पाळावे: वादग्रस्त चौकशीत जबाब स्वतः एकट्याने नोंदवू नयेत, कारण पुढे त्या जबाबांवरच वाद झाला, तर आपल्यालाच साक्षीदार म्हणून उभे राहण्याची वेळ येऊ शकते.